जास्तीचं हाड

१

दर वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला नेत्राच्या घरचं गराज खाटकाचं दुकान होऊन जायचं, आणि दर वर्षी ती म्हणायची, हे शेवटचं. गाड्या बाहेर बर्फात काढायच्या, जमिनीवर प्लास्टिक अंथरायचं, पार्ट्यांना वापरायचं फोल्डिंग टेबल ब्लीचने पुसून घ्यायचं, सुऱ्यांना धार लावून ठेवायची. परीक्षितला शिकारीचा नाद लावला तो त्याच्या ऑफिसातल्या सुशांतने. सुशांत पुढे नोकरी बदलून बेलव्ह्यूला गेला, नाद मात्र इथे बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत राहिला. कोथरूडच्या ज्या घरात अंडंसुद्धा चोरून बाहेर खावं लागायचं, त्या घरातला हा मुलगा आता केशरी जाकीट घालून पहाटेपासून जंगलात बसायचा, आणि एक हरीण मिळालं की वर्षभर त्याच्याबद्दल बोलायचा.

कातडं काढणं आणि तुकडे पाडणं परीक्षितचं. ते तो आवडीने करायचा, मध्येमध्ये फोटो काढून मुलीला, रुहीला, कॉलेजात पाठवायचा. तिचं उत्तर ठरलेलं असायचं, 'शी, ग्रोस, बाबा.' त्यानंतरचं सगळं नेत्राचं. मांसाला चिकटलेले केस टिपायचे, चरबी खरवडायची, पांढरा पापुद्रा सोलायचा, रक्त साकळलेला भाग कापून टाकायचा, पाकिटं बांधायची आणि शेवटी गराज धुवायचं. अलिबागला रविवारी वडील मटण आणायचे, ते साफ करायला आईबरोबर तीच बसायची. त्यामुळे किळस वगैरे तिला नव्हती. दमायला मात्र व्हायचं. वुस्टरच्या एका हॉस्पिटलात ती एक्स-रे काढायची. त्या आठवड्यात दोन जणी आजारी पडल्या होत्या आणि नेत्रा जवळजवळ रोज डबल शिफ्ट करत होती.

शनिवारी ती दुपारी घरी येऊन सोफ्यावर बुटांसकट आडवी झाली होती, तेव्हा गराजचं दार उघडल्याचा आवाज आला. एरवी हरीण मिळालं की परीक्षित जंगलातूनच फोन करायचा. आज फोन नव्हता. ती खाली गेली तर गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि आत ताडपत्रीवर एक मादी पडलेली होती. मागच्या पायाला, शिकार नोंदवतात त्या चेकिंग स्टेशनवरचा टॅग होता. तोंडाभोवती परीक्षितचं जाकीट गुंडाळलेलं होतं, बाह्यांची गाठ मारून. तो स्वतः नुसत्या शर्टवर उभा होता आणि त्याचे ओठ निळे पडले होते.

तोंड का झाकलंस, असं तिने विचारलं. माश्या बसतात, म्हणाला.

बाहेर सगळं गोठलेलं होतं. पण वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. दोघांनी मिळून ते धूड मागच्या पायांनी लोखंडी आकड्याला टांगलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की पोट उघडलेलंच नाही. हे काम जंगलात, हरीण पडल्या पडल्या करायचं असतं. नाहीतर आतल्या उबेने मांस खराब होतं. हे तिला त्यानेच शिकवलं होतं.

"या वेळी सगळं तूच कर," परीक्षित म्हणाला. "मला नाही जमणार."

पाठ धरली असेल, असं तिला वाटलं. तो वर गेला. शॉवर सुरू झाल्याचं तिला खालून ऐकू आलं. तिने हातमोजे चढवले, बादली ओढली आणि सुरी घेतली. आतडी एका जाड पिशवीत बांधून बाहेरच्या पिंपात ठेवून ती परत आली, तरी वर पाणी वाहतच होतं.

२

रविवारी सकाळी गराज फ्रिजसारखं गार होतं, मांसासाठी उत्तम. नेत्राने रेडिओ लावला, चहाचा थर्मास शेजारी ठेवला आणि आधी त्या जाकिटाची गाठ सोडली. आत हरणाचं तोंड होतं, दुसरं काही नाही. ओलसर काळं नाक, अर्धवट मिटलेले डोळे. आपण काय वेगळं दिसायची वाट पाहत होतो, हे तिला सांगता आलं नसतं.

कातडं वरून खाली सोलत आणायचं, उलटं स्वेटर काढल्यासारखं. ती सावकाश, पण नीट करत गेली. केस मांसावर पडू नयेत म्हणून दर थोड्या वेळाने सुरी पुसायची, व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने मांस टिपायची. गोळी छातीत लागली होती, बरोबर समोरून. याचंही तिला थोडं नवल वाटलं. परीक्षित नेहमी हरीण आडवं वळायची वाट पाहायचा. कुशीत गोळी लागली की ते लवकर मरतं आणि मांसही कमी वाया जातं, असं तो पाहुण्यांना प्रत्येक वेळी समजावून सांगायचा.

मग पुढचे पाय. यात काही अवघड नसतं. हरणाचा पुढचा पाय धडाला कुठल्याच हाडाने जोडलेला नसतो. तो नुसत्या मांसावर लटकलेला असतो. पाय एका हाताने बाहेर ओढायचा, काखेतून सुरी वर न्यायची, की अख्खा पाय खांद्याच्या फऱ्यासकट हातात येतो. पहिल्या वर्षी ते बघून नेत्रा हसली होती. माणसाचा हात कसा पक्का बसवलेला असतो, आणि याचा पाय बघा, शर्टाच्या बाहीसारखा निघून आला.

तिने पाय ओढला, सुरी घातली. सुरी सरसर वर गेली आणि अडली.

तिला वाटलं, बरगडीला लागली. तिने पातं थोडं फिरवलं. तरी अडलं. तिने पाय जोरात ओढून बघितला, तर पाय निघायचं सोडून अख्खं धड त्याच्याबरोबर वळलं आणि आकड्यावर कुरकुरत हळूहळू परत जागेवर आलं. तिने हातमोजा काढला आणि उघड्या बोटांनी आत चाचपलं. मांस गार होतं, निसरडं होतं. त्याच्या आत, गळ्यापासून खांद्यापर्यंत, करंगळीएवढं जाड एक हाड आडवं गेलं होतं. एका टोकाला पुढे वाकलेलं, दुसऱ्या टोकाला मागे.

हे हाड ओळखायला तिला वेळ लागला नाही. दिवसातून कितीतरी वेळा ती ते पडद्यावर बघत होती. सायकलवरून पडलेली मुलं, बर्फात घसरलेल्या बायका. कॉलरबोन.

रेडिओवर कोणीतरी बर्फाच्या वादळाचा अंदाज सांगत होतं. नेत्राने तो बंद केला. मग लगेच पुन्हा लावला.

३

तिने दुसरी बाजू कापून बघितली. त्या बाजूलाही हाड होतं.

जनावरांतही जन्मतः काहीतरी वेगळं असतंच की, असं तिने स्वतःला समजावलं. दोन डोक्यांची वासरं होतात, सहा बोटांची मांजरं होतात. आपण थकलोय, त्यात डबल शिफ्ट. जे दिवसभर बघतो तेच सगळीकडे दिसणार. स्टेशनवरच्या माणसाने हरीण तपासून टॅग लावून दिला होता, आणि त्याने आयुष्यात हजारो हरणं बघितली असणार. हे सगळं खरं होतं, पटण्यासारखं होतं. तरी तिने दोन्ही हाडं काढून पाण्याखाली धुतली आणि टेबलावर ठेवून त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

डाव्या हाडाच्या मध्यावर एक गाठ होती. जुनं मोडलेलं हाड जुळून आलं की येते तशी. पण नीट जुळलेलं, सरळ. हा प्रकार तिला चांगला ठाऊक होता. मोडलेली कॉलरबोन आपोआप जुळते, पण अशी सरळ जुळायला हात गळ्यात बांधून आठवडेच्या आठवडे न हलवता ठेवावा लागतो. कोणीतरी सारखं मागे लागावं लागतं, हलवू नकोस, थोडे दिवस सोस. जंगलातलं हरीण पाय गळ्यात बांधून बसत नाही.

ती बाकीचं काम करत राहिली. थांबली असती तर आणखी विचार आले असते. कण्यालगतचे लांब पट्टे सोडवले, मांड्या सुट्या केल्या, पापुद्रे सोलले, पाकिटं बांधून तारीख घातली आणि फ्रीझरमध्ये रचली. ती दोन हाडं एका डब्यात ठेवून दिली. टाकवेनात.

संध्याकाळी परीक्षित स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. समोरचा वरणभात त्याने नुसता चिवडला होता. ती ओट्याला टेकून उभी राहिली. हरीण तुझ्याकडे तोंड करून होतं का, असं तिने विचारलं.

"उभी होती," तो म्हणाला.

"हरीण उभंच असतं, परीक्षित."

"तसं नाही, नेत्रा. आत्ता तू ओट्याशी उभी आहेस ना, तशी."

मग त्याने तिला जे झालं ते सांगितलं, खाली बघत, सावकाश. उजाडता उजाडता झाडीत कोणीतरी उभं असलेलं त्याला दिसलं. तपकिरी कोट घातलेली बाई असावी, असं वाटलं. झाडाला हात टेकून ती ओढ्याकडे बघत होती. केशरी जाकीट न घालता कोण मूर्ख या दिवसांत जंगलात येतं, असं म्हणत त्याने बंदूक खाली केली. तेवढ्यात ती वळली आणि त्याला तोंड दिसलं.

"हरीण आहे म्हटल्यावर मला इतकं बरं वाटलं," परीक्षित म्हणाला, "की मी गोळी झाडली."

हरणं मागच्या पायांवर उभी राहतात, नेत्रा म्हणाली. उंचावरची सफरचंदं खायला राहतात, भांडताना राहतात, तूच मला व्हिडिओ दाखवला होतास. परीक्षितने मान हलवली. हो, राहतात खरी, म्हणाला. आणि ताट तसंच टाकून उठला.

४

सोमवारपासून पुन्हा ड्यूटी. नेत्रा पहाटे उठून अंधारातच निघायची आणि अंधार पडता पडता यायची. फ्रीझर गराजमध्ये घरघरत असायचा. मटणाचा रस्सा करायला रविवार मोकळा ठेवू, असं ती एरवी म्हणाली असती, आणि एक पाकीट पलीकडच्या गल्लीतल्या मीनाक्षीकाकूंकडे कधीच पोचतं झालं असतं. या वेळी तिने फ्रीझर उघडलाच नाही. काकूंचा फोन आला तेव्हा, या वर्षी काही मिळालं नाही हो, असं ती सहज खोटं बोलून गेली.

परीक्षित घरूनच काम करत होता, पण काम होत नसावं. ती आली की तो गराजकडे जाणाऱ्या पायरीवर बसलेला दिसायचा, मांडीवर लॅपटॉप, स्क्रीन काळी. झोपलास का, असं विचारलं की हो म्हणायचा. त्याचे डोळे वेगळं सांगायचे.

मंगळवारी पहाटे ती चहा टाकत असताना बाहेर कोणीतरी चालल्याचा आवाज आला. रात्री पडलेल्या बर्फाचा वरचा थर कडक झाला होता, त्यामुळे पाऊल पडलं की स्पष्ट ऐकू येत होतं. कर्र. मग थोडं थांबून, कर्र. हरणं तर त्यांच्या अंगणात नेहमीच यायची. मागे झाडीच होती. पण चार पायांच्या चालीचा आवाज भरभर, एकात एक मिसळलेला येतो. हा माणसाचा होता. शेजारी पेपर आणायला निघाल्यासारखा, निवांत. तो घराच्या बाजूने आला, गराजच्या मोठ्या दारापाशी थांबला. बराच वेळ थांबला. चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला, तरी ती खिडकीपाशी गेली नाही. कामावर जायचं आहे, एवढंच ती मनात म्हणत राहिली.

पुरेसं उजाडल्याशिवाय ती बाहेर पडली नाही. त्या दिवशी तिला उशीर झाला. गाडीकडे जाताना तिने खाली बघितलं. ठसे खुरांचे होते, दुभंगलेले, टोकदार. पण एकामागे एक, डावा, उजवा, डावा. गराजच्या दाराला मधोमध, तिच्या डोक्याच्या थोडं वर, काचेच्या तावदानावर वाफेचा गोल धरला होता आणि तो गोठून पांढरा झाला होता.

संध्याकाळी तिने परीक्षितला याबद्दल काही सांगितलं नाही. तोच म्हणाला, "आज पण आले होते."

"किती जण?" तिने विचारलं. आपण 'किती जण' म्हणालो, हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

सगळं परत नेऊन देऊ, परीक्षित म्हणाला. नेत्राला आधी त्याचा राग आला. उभा दिवस सुरी चालवून तिचे खांदे अजून दुखत होते, आणि आता हा म्हणतो, परत. पण रागाच्या खाली तिला सुटल्यासारखंही वाटलं. उद्या माझी लवकर सुट्टी होते, ती म्हणाली, उद्या जाऊ.

५

ती जागा तासाभराच्या वाटेवर, पश्चिमेला होती. जंगल वॉल्टर नावाच्या एका म्हाताऱ्याचं. त्याने परीक्षितला शिकारीची परवानगी दिलेली होती. दुपारी परीक्षितने त्याला फोन केला. तो फ्लोरिडात मुलीकडे होता, थंडी संपेपर्यंत तिकडेच राहणार होता. जंगलात वाटेल तेव्हा जा, म्हणाला.

त्यांनी सगळं घेतलं. पाकिटं, कातडं, डोकं, सांगाडा, हाडांचा डबा, पिंपातली पिशवी. काही मागे ठेवायचं नाही, असं नेत्राच म्हणाली. ते जाकीटही तिने घेतलं. वॉल्टरच्या घराला कुलूप होतं आणि आवारातला बर्फ कोणी काढलेला नव्हता. कच्च्या रस्त्याच्या टोकाला त्यांनी गाडी उभी केली. प्लास्टिकच्या घसरगाडीवर सामान लादून दोघांनी दोरीने बांधलं. चार वाजून गेले होते, उजेड जायला लागला होता.

नेत्रा बरोबर निघाली होती, पण परीक्षित म्हणाला, तू बस, तू दमलीयेस. कधी नव्हे ते म्हणाला. ती खरंच दमली होती. ती ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली आणि हीटर लावून त्याची पाठ झाडांमध्ये लहान होत जाताना बघत राहिली. ओढ्याच्या अलीकडे, मोकळ्या जागेत तो थांबला. वाकून एकेक वस्तू काढून बर्फावर मांडायला लागला. फेकत नव्हता, मांडत होता.

तिचा डोळा लागला असावा. दचकून बघितलं तेव्हा काम झालेलं होतं आणि परीक्षित खाली मान घालून उभा होता. त्याच्या शेजारी कोणीतरी होतं. त्याच्यापेक्षा उंच, तपकिरी कोटातलं. त्याचा हात परीक्षितच्या खांद्यावर होता. मयताला आलेला माणूस ठेवतो तसा.

वॉल्टर आला वाटतं, असं तिला वाटलं, आणि तिला इतकं हायसं वाटलं की त्याला हाक मारायला तिने काच खाली केली. काच खाली जाताना घरघरली.

वॉल्टर फ्लोरिडात आहे, हे तिला आठवलं. त्याच वेळी त्या उंच आकृतीचा एक कान वळला. डोकं नाही, अंग नाही. नुसता एक मोठा कान, पानासारखा, आवाजाच्या दिशेने.

नेत्राने मान खाली घातली. काच वर करायलाही तिचा हात उचलेना. स्टिअरिंगवरच्या स्वतःच्या बोटांकडे ती बघत राहिली. आपण बघितलं नाही तर बघितलं असं होणार नाही, असा काहीतरी विचार तिच्या डोक्यात फिरत होता. बाहेर बर्फात पावलं वाजली. एकाचीच होती, की मागून आणखी होती, ते तिने ऐकायचं नाही असं ठरवलं.

दार उघडलं. परीक्षितने रिकामी घसरगाडी मागे टाकली आणि शेजारी येऊन बसला. अंगाला मातीचा आणि ओल्या पाल्याचा वास येत होता. चेहरा मात्र मोकळा झाला होता. गेल्या शनिवारपासून इतका मोकळा तिने बघितला नव्हता.

चल, म्हणाला.

तिने गाडी वळवली. कच्चा रस्ता संपून रूट नाईनचा मोठा रस्ता लागला, गाड्यांचे दिवे दिसायला लागले, पेट्रोल पंप आला, तेव्हा कुठे तिच्या तोंडून शब्द फुटला.

"ते काही म्हणाले का?"

"एवढंच विचारलं," परीक्षित म्हणाला, "की कापलं कोणी?"

समोरच्या ट्रकचे लाल दिवे लागले, विझले.

"मग तू काय सांगितलंस?"

परीक्षितने सीट मागे केली. पट्टा सैल केला, आणि हात छातीवर घेतले.

"खरं तेच," म्हणाला, आणि झोपला. बघता बघता घोरायला लागला, इतक्या दिवसांची झोप एकदम आल्यासारखा.

वुस्टर गेलं. तलावावरचा पूल गेला. श्रूजबरीची दुकानं सुरू झाली. पुढच्या सिग्नलला डावीकडे वळलं की घर. नेत्राचे खांदे दुखत होते, डोळे चुरचुरत होते. या क्षणी अंथरुणावर पडण्याशिवाय तिला जगात काहीही नको होतं. ती डावीकडच्या लेनमध्ये आली, इंडिकेटर दिला आणि थांबली.

गराजच्या काचेवरचा तो गोठलेला गोल तिला आठवला. हिरवा बाण लागला. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

नेत्राने इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ नेली. बॉस्टनच्या दिशेने रस्ता पुढे दिव्यांनी भरलेला होता. शेजारी परीक्षित शांत झोपला होता, आणि ती त्याला न उठवता चालवत राहिली.